कँटीनमधला पियानो नागपूरले नेऊ नका, आणि मास्तरले जेवू द्या

मा. अध्यक्ष साहेब, कार्यकारी संचालक साहेब आणि समस्त संचालक मंडळ यांना, आपल्या सूतगिरणीतल्या रिंग फ्रेम (सूत कातायचं मशीन) मेंटेनन्सच्या एका फिटरचा नमस्कार.

हे पत्र खुलं लिहून राहिलो, कारण साधा अर्ज दिला की तो टाइम ऑफिसातून एचआरकडे जाते, एचआरकडून पीएकडे जाते, आणि पीएकडून पुढं कुठं जाते ते आजवर कोणालाच समजलं नाही. मुद्दा एकच आहे. नोटीस बोर्डावर कागद लागला की कँटीनमधला पियानो "जतन करण्याच्या हेतूने" नागपूरच्या ऑफिसात रिसेप्शनला नेणार, आणि कामगारांच्या करमणुकीसाठी कँटीनला ब्लूटूथवाली साउंड सिस्टीम देणार. साहेब, सिस्टीम नको आम्हाला. पियानो राहू द्या.

नवीन संचालकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगतो, हा पियानो गिरणीनं विकत घेतलेला नाही. पहिल्या अध्यक्षांच्या नागपूरच्या बंगल्यातून तो गेस्ट हाऊसला आला, आणि तिथं बरीच वर्षं त्याच्यावर शाली, श्रीफळं, सत्काराचे मोमेंटो आणि प्लास्टिकचा गुलदस्ता एवढंच ठेवत होते. कोणी झाकण उघडून पाहिलं नाही. गेस्ट हाऊसला रंग द्यायचा निघाला तेव्हा "तात्पुरता" म्हणून सहा-सात जणांनी ढकलत ढकलत कँटीनमध्ये आणून लावला (हे उभे पियानो दिसतात कपाटासारखे, पण आत बिडाची जाड चौकट राहते, दोन-अडीचशे किलोचा जिन्नस असते). तात्पुरता आलेला इथंच राहिला. आता तो "वारसा" झाला, असं नोटिशीत लिहिलं आहे. गेस्ट हाऊसमध्ये होता तेव्हा कोणाला वारसा दिसला नाही, कामगार वाजवायले लागले तेव्हा दिसला, हे थोडं गमतीचं आहे की नाही तुम्हीच सांगा.

आता वाजवते कोण, तर आमचे मास्तर. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी मला हे पत्र लिहा म्हटलं नाही आणि लिहू नका असंही म्हटलं नाही. सिम्प्लेक्सवर आहेत, म्हणजे सूत कातायच्या आधी कापसाची जाड वात करते त्या मशीनवर. मूळ गडचिरोलीतल्या वडसा देसाईगंजकडचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतले, आणि धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत तिकडं नाटकांचा जो सीझन राहते त्यात त्यांनी तरुणपणी रात्र रात्र ऑर्गन वाजवला आहे. ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांना काय सांगावं, रात्री सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते, थंडीत लोक चादरी पांघरून मंडपात बसतात, आणि स्टेजपुढं ऑर्गनवाला, तबलेवाला असा ताफा सगळं जिवंत वाजवते. 2023 मध्ये झाडीपट्टीच्या नाटकांचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मास्तरांनी शिफ्टला पेढे वाटले होते, जसं काही घरातच आली. अशा माणसाच्या समोर तुम्ही कँटीनमध्ये पियानो आणून ठेवला, मग काय होणार होतं दुसरं.

पण पहिल्यांदा बसले तेव्हा मजा झाली. ऑर्गनला पायानं भाता मारावा लागते, सतत, नाही तर हवा संपते आणि सूर बसते. मास्तरांचे पाय आयुष्यभर तेच शिकलेले. पियानोले खाली पायडल आहेत पण ते भात्याचे नाहीत. उजवीकडचं दाबलं की तारांवर फेल्टचे जे गट्टू बसलेले असतात ते सगळे एकदम उचलले जातात आणि तार हात काढल्यावरही वाजतच राहते. मास्तर बोटानं भजन वाजवून राहिले आणि पाय सवयीनं धपाधप मारून राहिले, तर मागचा सूर पुढच्यात, पुढचा त्याच्या पुढच्यात, असा सगळा काला झाला की कँटीनवाली काकू आतून बाहेर येऊन म्हणे "काय सांडलं बे?" मग मास्तरांनी चप्पल काढून दोन्ही पाय खुर्चीखाली मागं अडकवून ठेवले आणि नुसत्या हातानं वाजवलं. काही दिवस असंच. नंतर हळूहळू उजवा पाय पुढं आणला, आणि आता कुठं दाबायचं कुठं सोडायचं ते त्यांचं त्यांना समजलं, कोणी शिकवलं नाही.

मी फिटर आहे, मला मशीन उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तर मास्तरांना विचारून पुढची फळी काढली. साहेब, कधी पाहा तुम्ही आतून. आपल्या कार्डिंगच्या (कापूस विंचरायच्या) मशीनपेक्षा कमी नाही. 88 पट्ट्या, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, प्रत्येक पट्टीमागं लाकडी तरफांची साखळी आणि शेवटी लोकरीच्या फेल्टचा हातोडा. तारा दोनशेच्या वर आहेत कारण बऱ्याच सुरांना तीन-तीन तारा एकत्र लागतात. सगळ्या तारांचा ताण मिळून पंधरा-वीस टनाच्या घरात जाते, म्हणून ती बिडाची चौकट. आणि सगळ्यात भारी म्हणजे हातोडा तारेला मारून लगेच मागं पडते, पट्टी दाबलेली असली तरी, नाही तर तार दबूनच राहिली असती. 1700 च्या आसपास इटलीत फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरी नावाच्या माणसानं हे बसवलं. त्या काळात ना आजच्यासारखे लेथ ना मिलिंग मशीन. मी दोन दिवस त्याचाच विचार करत होतो.

या हातोड्यामुळंच ती गोष्ट होते जी पेटीत होत नाही. पेटीत पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज हवेवर असते. पियानोत बोटावर असते. हळू दाबलं तर हळू, मारलं तर खणखणीत. आता हे ब्रेकमध्ये कायले महत्त्वाचं, तर तुम्ही कधी रिंग फ्रेमच्या दोन मशीनींच्या मधल्या गल्लीत चार तास उभे राहा. चाती (सूत पिळणारी दांडी) मिनिटाला 15-16 हजार फेरे फिरते, अशा हजारो चात्या. एकमेकांशी आम्ही हातवाऱ्यांनीच बोलतो. ब्रेकला बाहेर आलं की कानात मशीन चालूच राहते, आणि माणूस विनाकारण ओरडून बोलते, समोरच्यालाही तसंच ऐकू येते म्हणून तोही ओरडते, आणि त्याच्यावर पन्नास मोबाईलवर पन्नास रील्स. आधी आपलं कँटीन असं होतं. मास्तर सुरुवातीला एकदम हळू वाजवतात, इतकं हळू की ऐकायचं असेल तर गप्प बसावं लागते. कोणी कोणाला गप्प बसा म्हणत नाही. डब्बे उघडतात, ठेच्याचा वास सुटते, आवाज आपोआप खाली येते, रील्स बंद होतात. मग मास्तर चढवतात थोडं.

तुमच्या साउंड सिस्टीमवर हे होणार नाही. ती आवाज वाढवून मशीनवर मात करते. एका कानात मशीन आणि दुसऱ्यात स्पीकर, यात आराम कुठं आला. आणि गाणी कोणाच्या मोबाईलवरून लागतील यावरून पहिल्याच हप्त्यात भांडण होईल, लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे स्पीकर ऐकत नाही. आमच्या वाइंडिंगच्या (सूत गुंडाळायच्या खात्यातल्या) बायांचं भजनी मंडळ आहे, गुरुवारी त्या म्हणतात कधी कधी, तर त्यांना काळी चार (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर) लागते, आणि ब्लोरूमचा (कापूस पिंजायच्या खात्यातला) आमचा एक भाऊ गातो त्याला काळी एक. मास्तर त्यांच्यासोबत पट्टी बदलतात. कोणाचा श्वास कमी पडला तर थांबतात, कोणी कडवं विसरलं तर तीच ओळ परत फिरवून देतात. बारसं असलं कोणाच्या घरी तर पाळण्याची चाल निघते. आणि ज्या दिवशी आपल्या गोडाऊनच्या हमालाचा मुलगा गेल्याची बातमी आली त्या दिवशी मास्तर बसले, झाकण उघडलं, परत बंद केलं आणि आमच्यात येऊन बसले. कोणत्या ब्लूटूथला हे समजेल.

(पियानोत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, सूर कापलेले आहेत, हे मलाही माहीत आहे, भजनवाल्या बुजुर्गांनी ते मास्तरांना ऐकवून झालं. याच कारणावरून आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीलासुद्धा बंदी घातली होती. आणि त्या सगळ्या वर्षांत आपल्या गावांत भजन पेटीवरच चाललं. तर तो विषय सोडा.)

जतन करायचं म्हणता ना, त्याबद्दल बोलतो, कारण हे माझ्या खात्याचं आहे. पियानोच्या पाठीमागं लाकडाचा मोठा पातळ पाटा असते, सगळा आवाज त्याच्यातून येते. कोरड्या हवेत तो आकसते आणि सूर उतरते, पावसाळ्यात फुगते आणि सूर चढते, पट्ट्या अडकतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर, जुलैत भिंतीला बुरशी. म्हणजे पियानोसाठी विदर्भ चांगला नाहीच, हे खरं. पण तुमच्या रिसेप्शनला काय आहे, समोर पूर्ण काच, दुपारचं ऊन सरळ आत, आणि एसी सकाळी दहाला सुरू संध्याकाळी सहाला बंद, म्हणजे रोज एक उन्हाळा आणि रोज एक पावसाळा. त्यापेक्षा कँटीनची उत्तरेकडची भिंत हजार पटीनं बरी. सूत तुटू नये म्हणून आपण खात्यात ओलावा धरून ठेवतो, त्याचं मीटर पाहायला माणूस ठेवतो, तर तेवढंच एक साधं मीटर कँटीनमध्ये लावायला किती खर्च येते. कूलरचं तोंड पियानोकडं होतं, ते मी फिरवून दिलं. रुई उडून आत जाते म्हणून चादर शिवून घेतली, वाइंडिंगच्या एका ताईनं शिवली, पैसे घेतले नाहीत.

एक खर्च मात्र खराच करावा लागेल, ट्यूनिंगचा. सध्या पियानो अर्धा सूर उतरलेला आहे, काळी चार दाबली की पांढरी पाच ऐकू येते. मास्तर डोक्यातल्या डोक्यात हिशोब करून वाजवतात पण ज्याला पेटी येते त्याला ते दाताखाली खडा आल्यासारखं लागते. बाहेरून ट्यूनर बोलवा, आणि त्याला म्हणा एका दिवसात पूर्ण वर ओढू नको, जुन्या तारा आहेत, तुटतील, दोन-तीन टप्प्यांत चढव. साउंड सिस्टीमचं जे कोटेशन आलं आहे त्याच्यापेक्षा हे स्वस्तच पडेल असा माझा अंदाज आहे.

आता काही साहेब लोक म्हणतील की कारखान्यात पियानो हे काय नवीन खूळ. नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडायची भीती होती, नॅशनल गॅलरीतली सगळी चित्रं सुरक्षित जागी हलवली होती, भिंती रिकाम्या, तेव्हा मायरा हेस नावाच्या पियानो वाजवणाऱ्या बाईनं तिथं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफिली सुरू केल्या, ऑक्टोबर 1939 पासून 1946 पर्यंत, सोमवार ते शुक्रवार, तिकीट एक शिलिंग. सतराशेच्या जवळपास मैफिली झाल्या. बॉम्ब पडायले लागले तर तळघरात जाऊन वाजवत, पण बंद नाही केलं. त्याच काळात 1941 पासून बीबीसी रेडिओनं कारखान्यांच्या कँटीनमधूनच दुपारचा कार्यक्रम सुरू केला, कलाकार स्वतः कँटीनमध्ये जायचे, कामगार जेवता जेवता समोर बसून ऐकायचे, तो 1964 पर्यंत चालला. मालाचं उत्पादन त्यांनाही पाहिजे होतं, युद्ध चालू होतं.

आणि इंग्रज कायले पाहिजे, आपलंच घ्या. 1962 च्या चीन युद्धात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर जवानांसमोर गेले होते, 65 लाही गेले. तेव्हा रेडिओ होता, तबकड्या होत्या, घरबसल्या संदेश पाठवला असता तरी चाललं असतं. आपल्या झाडीपट्टीत रोवणीच्या बाया चिखलात वाकून गाणी म्हणतात, त्यांना कोणी परमिशन दिली होती काय.

लोक ब्रेकवर जास्त वेळ बसतात, हे तुमचं दुसरं कारण. याचं उत्तर पंचिंग मशीनमध्ये आहे, काढा रेकॉर्ड आणि पाहा. मास्तर भोंग्याच्या पाच मिनिटं आधी थांबतात, ते त्यांचं ठरलेलं आहे, शेवटचा सूर झाला की झाकण बंद, आणि झाकण बंद झालं की लोक डब्बा गुंडाळतात. उलट आधीच रेंगाळत होते, कारण रील संपतच नाही, खाली सरकवली की दुसरी.

पण एक तक्रार खरी आहे, ती मी लपवत नाही. आपल्याकडं मशीन थांबत नाही म्हणून ब्रेक दोन बॅचमध्ये असते, आणि मास्तर पहिल्या बॅचला. दुसऱ्या बॅचच्या लोकांना काय मिळते, तर चादर घातलेला पियानो आणि संपलेली भाजी. ते चिडतात आणि बरोबर चिडतात. नोटीस लागली तेव्हा त्यांच्यातले काही जण "बरं झालं" म्हणाले, हे मी माझ्या कानानं ऐकलं. यावर उपाय सोपा आहे, मास्तरांची बॅच एक हप्ता पहिली एक हप्ता दुसरी अशी फिरवा, जॉबर (मुकादम) साहेबांच्या एका सहीचं काम आहे. आणि ज्यांना झोपायचं असते, तिसऱ्या पाळीतून डबल करून आलेले, त्यांच्यासाठी सायकल स्टँडच्या बाजूची खोली उघडून द्या, तिचं कुलूप कोणाकडं आहे देव जाणे. रोज वाजलंच पाहिजे असंही काही नाही, मधून मधून शांतता बरी राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी एवढं लांबण लावलं. अर्ध्या तासात मास्तर वीस-पंचवीस मिनिटं वाजवतात. मग ते जेवतात कधी? सांगतो. जेवत नाहीत. दोन पोळ्या गुंडाळून खिशात, आणि परत खात्यात गेल्यावर खांबाच्या आड उभ्यानं खातात, रुई उडते त्यात, आणि तेही नियमाच्या बाहेर, सुपरवायझरनं पाहिलं तर मेमो. आम्ही सगळे ऐकत ऐकत पोटभर जेवतो आणि आमच्यासाठी वाजवणारा उपाशी, हे आम्हालाही लाजिरवाणं आहे आणि साहेब, तुम्हालाही आहे. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात कलम 55 मध्ये लिहून ठेवलं होतं की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. मास्तरांचा तो अर्धा तास आम्ही खाऊन टाकतो. तर ज्या दिवशी ते वाजवतील त्या दिवशी त्यांना त्याच्यानंतर वेगळी अर्धा तास सुट्टी द्या, पगारी, आणि तेवढा वेळ सिम्प्लेक्सवर बदली माणूस द्या. बदली मिळत नसेल तर आम्ही आपसात पाहतो, तीन जण आत्ताच तयार आहेत.

पण हात जोडून सांगतो, त्यांना "संगीत विभाग प्रमुख" वगैरे करू नका. जॉब कार्डवर लिहू नका, रजिस्टर ठेवू नका, पाहुणे आले की बोलावून वाजवायला लावू नका. 15 ऑगस्टला एकदा तसं झालं, मास्तर वाजवून आले पण त्या दिवशी त्यांचे हात दुसऱ्याचेच वाटत होते. मन झालं तर वाजवतील, नाही झालं तर आमच्यासोबत आलूभात खातील. सीझनमध्ये सुट्टी मागितली तर द्या, तिकडून परत येतात तेव्हा नवीन चाली घेऊन येतात.

तर नागपूरच्या रिसेप्शनला गणपतीची पितळी मूर्ती ठेवा, चांगली दिसेल, धूळ पुसायले सोपी. पियानोचा विषय पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये येणार आहे असं समजलं. मीटिंग पहिल्या पाळीच्या ब्रेकच्या वेळी ठेवा आणि कँटीनमध्येच ठेवा. जेवण आमच्याकडून, भाकर आणि वांग्याची भाजी.

आपला,
रिंग फ्रेम मेंटेनन्सचा एक फिटर
(सोबत सिम्प्लेक्स, वाइंडिंग आणि ब्लोरूमच्या सह्यांचा कागद जोडला आहे, दुसऱ्या बॅचच्याही सह्या आहेत, थोड्या कमी आहेत)

ता. क. – कोणीतरी परत चहाचा कप पियानोवर ठेवायला लागलं आहे, वरच्या पॉलिशवर गोल डाग पडले आणि एकदा तर थेंब पट्ट्यांच्या फटीत गेला. "इथे कप ठेवू नये" असा बोर्ड प्रशासनाच्या सहीनं लावून द्या. आमच्या हातानं लिहिलेल्या बोर्डाचं कोणी ऐकत नाही.